13 फुटी, 7 क्रमांकाच्या स्पे रॉडवर तीन लाइन: एक परीक्षण

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे पिसाकेसांच्या हलक्या आमिषाने (फ्लायने) मासे पकडण्याच्या, दोन हातांनी चालवायच्या रॉडवर, म्हणजे स्पे रॉडवर, मुठीच्या थोडे वर लांबी आणि क्रमांक छापलेला असतो, आणि या मासेमारीकडे नव्याने वळलेला माणूस साहजिकच तोच क्रमांक पाहून लाइन मागवतो. एकहाती रॉडच्या बाबतीत हे बहुतेक वेळा चालून जाते. तिथे लाइनचा क्रमांक पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो, आणि 7 क्रमांक म्हणजे 185 ग्रेन (ग्रॅमहून बरेच लहान असे वजनाचे एकक), हे गणित सगळीकडे सारखेच आहे. स्पे रॉडला ते लागू पडत नाही. अमेरिकन फ्लाय फिशिंग ट्रेड असोसिएशनने दोन हाती लाइनसाठी केलेल्या तक्त्यात 7 या एकाच क्रमांकापुढे चार वजने दिलेली आहेत: शूटिंग हेडसाठी (हेड म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग; शूटिंग हेड मागच्या बारीक रनिंग लाइनला सुटे जोडायचे असते) 300 ग्रेन, आखूड बेलीसाठी (बेली म्हणजे हेडचा जाड भाग) 470, मध्यम बेलीसाठी 510 आणि लांब बेलीसाठी 650. म्हणजे दोन लाइनींवर एकच आकडा असूनही एकीचे वजन दुसरीच्या दुपटीहून जास्त असू शकते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यातही आज 7 क्रमांकाच्या रॉडवर वापरली जाणारी स्कॅगिट हेड (आखूड, जाड, वजनदार हेड) सर्रास 500 ते 550 ग्रेनची असतात, आणि शूटिंग हेडच्या 300 च्या आकड्याशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही. म्हणून स्पे लाइन घेताना क्रमांक बाजूला ठेवावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: हेडचे वजन किती ग्रेन, हेडची लांबी किती फूट, आणि त्याच्या पुढे आपण काय बांधणार आहोत. या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर कितीही महागाचा रॉड हातात असला तरी तो मेलेला वाटतो.

हे परीक्षण 13 फुटी, 7 क्रमांकाच्या, चार तुकड्यांच्या, मध्यम ते वेगवान चालीच्या एका रॉडवर तीन वेगवेगळ्या घडणीच्या लाइन वापरून पाहिल्यानंतरचे आहे. लाइनींच्या कंपन्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण माझा निर्णय घडणीबद्दल आहे. त्याच वजनाचे आणि लांबीचे हेड दुसऱ्या कोणाचे घेतले तरी रॉडचे वागणे फारसे बदलत नाही. रॉड बनवणाऱ्यांनी स्कॅगिटसाठी 500 ते 550 आणि स्कँडीसाठी (लांब, बारीक टोकाचे, हलके हेड) 430 ते 480 ग्रेन अशी शिफारस केलेली आहे. 50 ग्रेनचा हा पट्टा कागदावर किरकोळ दिसतो, पण सगळा प्रश्न त्या पट्ट्याच्या आतच आहे. प्रत्येक हेड मी आधी डिजिटल काट्यावर तोलून घेतले आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते. 1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन, तेव्हा स्वयंपाकघरातला दशांश दाखवणारा साधा काटाही पुरतो. 540 चा शिक्का असलेले स्कॅगिट हेड 35.3 ग्रॅम भरले, म्हणजे जवळजवळ 545 ग्रेन. 510 चे स्कॅगिट हेड बरोबर 33 ग्रॅम भरले.

सुरुवात स्कॅगिटपासून करतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ही पद्धत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट नदीवर आणि आसपासच्या नद्यांवर 1990 च्या दशकात आकाराला आली. एड वॉर्ड, माइक मॅक्यून आणि स्कॉट ओडॉनल ही नावे तिच्याशी कायमची जोडलेली आहेत. हिवाळ्यातला स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट) थंड पाण्यात तळाजवळ राहतो आणि वर यायला नाखूष असतो. त्याच्यापर्यंत मोठी, पाणी पिऊन जड झालेली फ्लाय न्यायची तर पुढे झपाट्याने बुडणारी टिप (हेडच्या पुढे जोडायचा लाइनचा तुकडा) हवी, आणि ती टिप पाण्यातून उपसून हवेत फेकायची तर मागे आखूड, जाड आणि वजनदार हेड हवे. स्कॅगिट हेड जाडजूड का असते, त्याचे कारण हेच. 20 ते 25 फुटांत 500 हून जास्त ग्रेन भरायचे म्हणजे प्रत्येक फुटाला वीस-पंचवीस ग्रेन आले, आणि टिप कितीही आडमुठी असली तरी हे वस्तुमान तिला उलटवून सरळ करते.

माझ्याकडची दोन्ही स्कॅगिट हेड 23 फुटी आहेत, म्हणजे रॉडच्या पावणेदोन पट. पुढे 10 फुटी टिप आणि साधारण 4 फुटांचा लीडर (फ्लाय बांधायचा बारीक दोरा) जोडला की एकूण 37 फूट होतात. 13 फुटी रॉडला ही लांबी अगदी सुखाची आहे: डबल स्पे (स्पे फेकीचा एक प्रकार) घालताना लाइन एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली की टिप आणि हेडचा पुढचा थोडा भाग पाण्यावर पसरून बसतो, तोच अँकर, आणि मग रॉड संथपणे मागे वळवताना पाणी ती लाइन धरून ठेवते. या पकडीविरुद्ध ओढ घेऊनच रॉड वाकतो. या पद्धतीत वेग कामाचा नाही. हात कुठेही न थांबता एका चालीत फिरला पाहिजे, आणि हेडचे वजन योग्य असेल तर पुढे फेकायची वेळ झाली हे खालच्या मुठीत आपोआप कळते.

540 आणि 510 यांच्यात फरक फक्त 30 ग्रेनचा, म्हणजे दोन ग्रॅमांहूनही कमी. हातात घेऊन तो कोणालाही सांगता येणार नाही, पण रॉडला तो लगेच समजतो. टी-11 जातीच्या 10 फुटी टिपचे वजन 110 ग्रेन, कारण या जातींचा आकडाच दर फुटामागे किती ग्रेन ते सांगतो. ती 540 च्या पुढे लावली की रॉडला एकूण 650 ग्रेन उचलायचे असतात. तेव्हा या रॉडचे वाकणे मधल्या तुकड्यातून उतरून थेट मुठीपर्यंत पोहोचते. पुढच्या फेकीत टोक थांबवले तरी ते लगेच थांबत नाही, खाली दबते आणि मग वर उसळते. लूप (हवेत पुढे जाणाऱ्या लाइनचा वळसा) रुंद होतो, लाइन पाण्याला घासत जाते आणि शेवटच्या काही फुटांत टिपचा गोळा होऊन पडतो. खांद्याची ताकद वाढवून हे सुधारत नाही, उलट बिघडते. तीच टिप 510 च्या पुढे लावली की वाकणे मधल्या तुकड्यावरच थांबते, टोक जिथे थांबवावे तिथे थांबते आणि फ्लाय शेवटी मोकळी पसरते. अंतराच्या बाबतीतही 510 मागे पडत नाही. अरुंद लूप हवेत कमी अडतो, त्यामुळे हलक्या हेडने रनिंग लाइन जास्त खेचल्याचे अनेकदा दिसते.

म्हणून 540 टाकून द्यावे असे मात्र नाही. टी-14 ची टिप आणि डोळ्यांना शिशाचे किंवा टंगस्टनचे डंबेल लावलेली मोठी फ्लाय हा ज्याचा हिवाळ्यातला रोजचा मामला आहे, त्याला 510 चे हेड टिप वर काढताना अपुरे पडते. टी-14 ची 10 फुटी टिप 140 ग्रेनची, आणि मुख्य म्हणजे ती खोल बुडालेली असते. तिला पृष्ठभागावर आणल्याशिवाय अँकर नीट बसतच नाही. अशा वेळी रोल कास्ट करून (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे लोळवून) टिप आधी वर आणावी आणि मगच पुढची हालचाल सुरू करावी. त्या कामात 540 चे वजन उपयोगी पडते आणि फेकीतला जडपणा सोसण्याजोगा ठरतो. ज्याला टी-8 आणि टी-11 पुरतात, त्याने या रॉडसाठी 510 घ्यावे. माझे मत त्याच बाजूचे आहे, कारण थंडीतही मासा दर वेळी तळाशी चिकटलेला नसतो, आणि कमरेएवढ्या संथ धारेत टी-14 लावून दगडांत अडकण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

टिपांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. रिओ कंपनीच्या मॉव टिपा वर उल्लेखलेल्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जातात, आणि त्यांच्यामागची कल्पना फार शहाणपणाची आहे: प्रत्येक टिप 10 फुटीच, पण तिच्यात तरंगणारा भाग आणि बुडणारा भाग यांचे प्रमाण वेगवेगळे. कुठे अडीच फूट बुडणारे आणि साडेसात तरंगणारे, कुठे निम्मे-निम्मे, कुठे सगळेच बुडणारे. हलक्या संचात टी-8, मधल्यात टी-11 आणि जड संचात टी-14 वापरलेले असते. लांबी कायम राहिल्यामुळे खोली बदलली तरी हाताची चाल बदलावी लागत नाही. अँकर त्याच जागी आणि तेवढाच बसतो. लाइन जुळवण्याच्या चर्चेत हेडबद्दल पानेच्या पाने लिहिली जातात, आणि टिप मात्र कशीही निवडली जाते. प्रत्यक्षात 8 फुटांची टिप काढून 15 फुटांची लावली की मेहनतीने जुळवलेला रॉड पुन्हा अनोळखी वाटू लागतो.

जड निघालेले स्कॅगिट हेड कापून हलके करता येते. कापायचे ते मागच्या, म्हणजे रनिंग लाइनकडच्या टोकाने, कारण पुढचा निमुळता भाग फ्लाय उलटवण्यासाठी घडवलेला असतो आणि त्याला हात लावला तर हेडचा स्वभावच बदलतो. 23 फुटांच्या 540 ग्रेनच्या हेडमधून एक फूट काढले की सरासरीने तेवीस-चोवीस ग्रेन कमी होतात, मागचा भाग जाड असेल तर थोडे जास्तच. मात्र कापताना कारखान्यातला वितळवून जोडलेला फासा जातो आणि नवा फासा स्वतः करावा लागतो: टोक दुमडून बारीक, मजबूत धाग्याने घट्ट गुंडाळायचे आणि वरून लवचीक गोंदाचा हात फिरवायचा. एका वेळी अर्ध्या फुटाहून जास्त कापू नये आणि प्रत्येक कापानंतर नदीवर फेकून पाहावे. मी 540 ला कात्री लावलेली नाही, कारण टी-14 साठी ते तसेच हवे आहे.

आता स्कँडी. रॉड बनवणाऱ्याच्या मनात मुळात काय होते ते मला या हेडने दाखवले. लांबी 35 फूट, शिक्का 460 ग्रेनचा, काट्यावर 29.8 ग्रॅम, म्हणजे शिक्क्याशी तंतोतंत. रॉडच्या हे पावणेतीन पटींच्या जरा आत येते. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी जी खालच्या हाताची पद्धत घडवली आणि जगभर पोहोचवली, तिच्यासाठी ही घडण आहे: वजन मागच्या भागात, आणि पुढे लांब, हळूहळू बारीक होत गेलेले टोक. पाण्याला फक्त लीडर आणि हेडचे टोक टेकते. ते टेकताक्षणीच फेक सुरू होते, त्यामुळे पाण्याच्या पकडीवर विसंबून राहता येत नाही आणि रॉड वाकवण्याचे काम मागे तयार झालेल्या डी-लूपच्या (रॉडमागे इंग्रजी D च्या आकारात झुलणाऱ्या लाइनच्या) वजनाला करावे लागते. यात वरचा हात जवळजवळ टेकूसारखा स्थिर राहतो आणि खालचा हात मूठ पोटाकडे आखूड, ठाम ओढतो. 460 ग्रेनला हा रॉड नेमका तेवढ्या ओढीने जागा होतो. सिंगल स्पे घालताना लाइन सुटल्याचा आवाज, रॉडवरच्या कड्यांतून सरकणारी रनिंग लाइन आणि शेवटी रीलला बसणारा हलका हिसका हे सगळे एका लयीत येते, आणि ती लय थकवत नाही. दिवस कलला तरी खांदा तक्रार करत नाही, ही माझ्या दृष्टीने जुळणीची सर्वांत विश्वासाची खूण आहे.

स्कँडीची अट एकच आहे आणि ती मोडून चालत नाही: लीडर लांब हवा. रॉडच्या लांबीइतका किंवा थोडा जास्त. मी एअरफ्लोचा 14 फुटी पॉलिलीडर (आवरण असलेला निमुळता लीडर) आणि त्यापुढे थोडी नायलॉन असा वापरतो. 10 फुटी पॉलिलीडर लावला की अँकर टिकत नाही. लाइन पाण्यावरून निसटून मागे उडते आणि फेकीतला जोर वाया जातो. अनेकांना वाटते की हेड हलके पडले म्हणून असे होते, आणि मग ते आणखी जड हेड मागवतात. जड हेडने ते निसटणे थोडे झाकले जाते, पण मूळ कारण पुढच्या चार फुटांत असते. उलट बाजूची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. बुडणारा पॉलिलीडर आणि मध्यम आकाराची फ्लाय इथपर्यंत स्कँडी आनंदाने जाते, टी-11 ची टिप मात्र तिला पेलत नाही. तिचे बारीक टोक तेवढे वजन उलटवू शकत नाही आणि फेक मधेच कोसळते. उन्हाळ्यातला किंवा शरदातला स्टीलहेड, अटलांटिक सॅमन, पृष्ठभागाखालून जाणारी लहान फ्लाय, यांसाठी मात्र या रॉडवर मला दुसरी कोणतीही लाइन नको आहे.

तिसरी लाइन मध्यम बेलीची, 7/8 असा दुहेरी शिक्का असलेली. हिचे हेड वेगळे काढता येत नाही, रनिंग लाइन त्याला सलग जोडलेलीच असते. पहिले 55 फूट गुंडाळून तोलले तर 36.5 ग्रॅम, म्हणजे 563 ग्रेन. वजन ऐकून ती जड वाटेल, पण ते 55 फुटांत वाटलेले आहे, आणि आखूड हेडच्या ग्रेनशी त्याची तुलना करताच येत नाही. अडचण लांबीची आहे. रॉडच्या सव्वाचार पट लांब हेड 13 फुटांनी पाण्यावरून पूर्ण उचलायचे म्हणजे हात डोक्याच्या वर न्यावे लागतात, आणि मांडीपर्यंत पाण्यात उतरले की तेही पुरत नाही; लाइनचा मधला भाग पाण्यालाच चिकटून राहतो आणि अँकर धपकन पडतो. हेडचे शेवटचे आठ-दहा फूट रॉडच्या आत खेचून घेतले तर फेक जमते, पण मग मध्यम बेली घेतल्याचा फायदाच उरत नाही. तो फायदा खरा आहे, हे मान्य केलेच पाहिजे: प्रत्येक फेकीनंतर ढीगभर रनिंग लाइन हाताने ओढत बसावे लागत नाही, गोठवणाऱ्या थंडीत कड्यांवर बर्फ कमी जमतो आणि लांबवरच्या लाइनला वळण देऊन फ्लायचा वेग सावरता येतो. 15 फुटी, 10 क्रमांकाच्या रॉडवर स्कॉटलंडच्या रुंद नद्यांत हीच घडण शोभते. या रॉडसाठी मी ती घेऊ नका असेच सांगेन.

ज्यांच्या रॉडला बनवणाऱ्याची शिफारसच नाही, उदाहरणार्थ जुना रॉड किंवा दुसऱ्या हाताचा, त्यांनी लक्षणे पाहून निदान करावे. हेड हलके असेल तर मागे गेलेला डी-लूप सुस्त राहतो, रॉड काठीसारखा ताठ लागतो आणि माणूस नकळत वरच्या हाताने ढकलू लागतो. हेड जड असेल तर वर सांगितल्याप्रमाणे टोक उसळते आणि लूप उघडतो. हेड फार लांब असेल तर अँकर लांबच्या लांब पसरून चिकटतो, आणि फार आखूड असेल तर तो जागेवर थांबतच नाही. वजनाची आणि लांबीची लक्षणे वेगळी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की चुकीचे हेड विकत घेतले जाते. त्यात माणसाची स्वतःची चालही मोजावी लागते. संथ हाताच्या माणसाला शिफारशीच्या वरच्या टोकाचे वजन रुचते, घाई असलेल्याला खालच्या टोकाचे. रॉडही तसेच: मुठीपर्यंत वाकणारा मऊ रॉड स्कॅगिटला अनुकूल, तर टोकाकडून झटकन सरळ होणारा रॉड स्कँडीला. मधल्या चालीचा हा रॉड दोन्ही करतो, पण स्कँडीकडे त्याचा ओढा जास्त आहे.

रनिंग लाइनवर फार लिहिण्याची गरज नाही, पण ती चुकली तर वरचे सगळे निष्फळ ठरते. चपट्या मोनोची (आवरण नसलेल्या एकेरी नायलॉन धाग्याची) लाइन सर्वांत दूर जाते, मात्र ओल्या आणि बधिर बोटांतून ती निसटते, आणि पाण्याच्या धारेत तिची वेटोळी एकमेकांत अडकतात. आधी हाताने ताणून तिची वळणे काढली नाहीत तर पहिल्या कडीतच गाठ बसते. आवरण असलेली तरंगणारी लाइन थोडी कमी जाते, पण धरायला निर्धास्त असते. 510 च्या स्कॅगिटला मी 0.035 इंच जाडीची आवरणवाली जोडली आहे, कारण हिवाळ्यात बोटांना पकड हवी असते आणि जड हेड ती तेवढी सहज ओढून नेते. 460 च्या स्कँडीला 30 पौंडांची मोनो ठेवली आहे. दोन्हींचे फासे मात्र लहान ठेवावेत आणि जोड टोकाच्या कडीतून जाताना अडखळत नाही ना, ते नदीवर जाण्याआधी बोटाने हळू ओढून तपासावे. जिथे खट्ट असा आवाज येतो, तिथे फाशाचा टप्पा जाड आहे, आणि मासा जवळ आल्यावर आखूड हेड कड्यांच्या आत येते तेव्हा शेवटच्या झटक्यात तोच जोड अडकतो.